पोहे खाल्ले, आता निरोप द्या

मु. पो. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर
(पोस्टमन अजून उस्मानाबादच म्हनतो. तू लातूर लिही.)
ता. १४ जून १९८६

लती,

महानंदाचा शरणार्थ. खुशाली इचारत बसत न्हाई, कागद एकच हाय आणि काम मोठं. चौथीत माझी शाळा सुटली तवापासून मला लिहायचा कंटाळा. उदगीरला एका बाकावर बसायचो आपण, तुला मालूमच हाय. तरी लिहून राहिले म्हंजे गरज समज.

शिवलीला बारावी सायन्स पास झाली. गणितात कॉलेजात पहिली. आता म्हनते, नांदेडला बी.एस्सी.ला कॉम्प्युटर म्हणून नवा विषय निघालाय, तोच घ्यायचा. मी इचारलं, ते काय असतंय? म्हनली, "अव्वा, त्या यंत्राला एकदा नीट सांगितलं की ते परत परत इचारत न्हाई." मी म्हनलं, एक तुझ्या अप्पाच्या बदल्यात मिळतंय का बघ.

तिच्या अप्पांचं, म्हंजे आमच्या भीमाशंकररावांचं, भलतंच चाललंय. औंदा दुष्काळाचं तिसरं वरीस. टँकर आला तर आला. किराणा दुकानात मीठ आणि माचिस सोडून काय खपत न्हाई. तर बसल्या बसल्या यांच्या डोक्यात आलं की दुष्काळ हाय तवरच पोरीचं लगीन उरकावं. "पंगतीत गोड न्हाई केलं तरी आता कुणी नाव ठेवत न्हाई. वऱ्हाडबी पाण्याच्या भ्यानं कमी येतं. एकदा पाऊस पडला की लोकांची भूक वाढती." निलंग्याचा एक खताचा दुकानवाला पोरगा हेरून ठेवलाय. नागपंचमीपर्यंत शिक्षणाची सोय झाली तर पोरगी शिकंल, न्हाई तर साखरपुडा. असा शब्द दिलाय. मलाबी दिलाय आणि त्या खतवाल्यालाबी.

आता ऐक. लातूरच्या अडत्यांनी नवजिल्हा विद्यार्थी फंड काढलाय. जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पाट्या रंगवून झाल्या, सत्कार करून झाले, आता जिल्ह्याला स्वतःचा कॉम्प्युटरवाला पायजे म्हनतेत. एकाच विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती. फी, राहणं, खाणं, पदवी मिळेस्तोवर सगळं. फक्त तो या जिल्ह्याचा पायजे.

तुझे मालक तिथं कॉलेजात हेडक्लार्क. त्यांना इचारून कळव, हा विषय पोरींना देतेत का, आणि असले फंड खरंच देतेत का नुसतं भाषण करतेत. पोरगी तुझ्याकडं राहिली तर चालंल का तेबी सांग. न्हाई तर न्हाई म्हन. गोल गोल लिहू नको, तुझी सवय हाय.

महानंदा


वजिराबाद, नांदेड
ता. २३ जून १९८६

सौ. महानंदा हिला सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. शिवलीलेचे यश वाचून आम्हां उभयतांना फार आनंद झाला. मुलगी तुझ्यावर गेली नाही, असे हे गमतीने म्हणाले. रागावू नकोस.

कॉम्प्युटर हा विषय मुलींना देतात. यंत्र एकच आहे. त्यासाठी थंड केलेली वेगळी खोली आहे. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात आणि बोलायचे ते हळू आवाजात. प्राध्यापकांनाही ते नवीनच असल्यामुळे तेसुद्धा हळूच बोलतात, असे ह्यांच्याकडून कळले.

राहण्याबद्दल लिहिलेस. घर तुझेच आहे. पण गोदावरीचे पात्र कोरडे पडले आहे, नळ चार दिवसांआड येतो, त्यात सासूबाईंचे सगळे वेगळे. मुलीचीच आबाळ होईल. तिच्या दृष्टीने वसतिगृह केव्हाही चांगले.

फंडाविषयी मात्र मनापासून सांगते, फार आशा धरू नये. अशा ठिकाणी मुलाखत म्हणजे केवळ उपचार असतो. एवढ्या उन्हात एस.टी.ने मुलीला घेऊन लातूरला जाणे मला तरी योग्य वाटत नाही. निलंग्याचे स्थळ सुस्वभावी असेल तर त्याचाही विचार व्हावा. हल्ली लग्नानंतरही मुली शिकतात.

तुझी,
सौ. लता


शिरूर अनंतपाळ
ता. १२ जुलै १९८६

लती,

तू नको म्हनलीस, मी गेले. उन्हाचं काय सांगतीस? ऊन आमच्या घरचंच हाय.

फंडाचं ऑफिस मार्केट यार्डात, अध्यक्ष गुंडप्पा यांच्या अडतीच्या माडीवर. जिन्यात सहा पोरं आणि आमची एकटी पोरगी. पोरांना आत खुर्चीवर बसवलं. गणितात किती मार्क, पुढं काय करणार, इंग्रजी वाच बघू. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

शिवलीलाचं नाव पुकारलं आणि आत एकदम गडबड. खुर्ची उचलली. गादी झटकली, लोड लावला. मला म्हनले, "तुम्हीबी या आत, बसा." गुंडप्पा, फंडाचे सेक्रेटरी अमृतराव वकील, आणि एक तिसरे, ते सगळा वेळ पंखा बघत होते. तिघं वळीनं बसले. खालून पोहे आले. पोरांना पाणीबी इचारलं न्हवतं, लती.

अमृतरावांनी घसा साफ केला. "मुली, नाव सांग. पूर्ण सांग." सांगितलं. "भावंडं किती? चष्मा लागतो का? मामा कुठले?" मग म्हनले, "त्या फळ्यापर्यंत जा आणि नाव लिही." ती गेली तर तिघं फळ्याकडं न्हाई, पायाकडं बघून राहिले. गुंडप्पा म्हनले, "स्वयंपाक येतो का?"

शिवलीला म्हनली, "येतो. पण ते कॉम्प्युटरवर करत न्हाईत."

पंखा बघणाऱ्यानं मान खाली घेतली. गुंडप्पा म्हनले, "बरं, एखादं भजन येतं का?"

मग माझ्यानं राहवलं न्हाई. ताटली खाली ठेवली आणि इचारलं, "पोरगा कुठाय?"

अमृतराव म्हनले, "कोणता पोरगा?"

"ज्याच्यासाठी ही चालवून बघितली, तो."

तिघंबी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. आणि त्यांची तोंडं बघून मला कळलं, हे लबाडी करत न्हवते. खरंच परीक्षा घेऊन राहिलते! आयुष्यात पोरीला समोर बसवून प्रश्न इचारायचा एकच वखत यांना मालूम. दुसरं काय इचारावं ते येतच न्हाई बिचाऱ्यांना. गणिताचं एक अक्षर न्हाई. मीच म्हनलं, गणित इचारा. तर अमृतराव म्हनले, "ते मार्कांवरून दिसतंच." शेवटी गुंडप्पा उठले, हात जोडले आणि म्हनले, "कळवतो."

कळवतो! मला बघायला आलेले सहा जण असंच म्हनून गेलते.

आता तुला एक इचारते. त्या सहा पोरांत शेवटचा तुझ्या बहिणीचा रेणुकादास होता. मला बघून आधी भिंतीकडं वळला, मग पाया पडला. त्याला एकच प्रश्न इचारला, "बाबा कसे आहेत?" तो म्हनला, मजेत. झाली मुलाखत. तो जन्मला नांदेडला, शिकला नांदेडला. लातूर जिल्ह्याच्या फंडात काय करत होता? आणि तू मला उन्हाची भीती काहून घालत होतीस?

गोल गोल लिहू नको.

महानंदा


वजिराबाद, नांदेड
ता. १८ जुलै १९८६

सौ. महानंदा हिला नमस्कार.

तुझ्या पत्राचा सूर वाचून वाईट वाटले. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत तू माझ्याविषयी असा संशय घ्यावास!

रेणुकादासच्या आजोबांचे गाव औश्याकडे आहे. जिल्हा नवा झाला तेव्हा ते गाव लातूरमध्ये गेले. मुलगा नांदेडला राहत असला तरी मूळ तिकडचेच. कायद्याने ते बसते. मी तुला लिहिणारच होते, पण तू आधीच आनंदात होतीस, कसे लिहावे समजेना. शिवाय तो माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तिला मी काय तोंडाने सांगणार होते, की अर्ज करू नकोस?

आता मोकळेपणाने सांगते, म्हणजे तुझी आणखी धावपळ व्हायला नको. अमृतरावांचे आणि माझ्या मेहुण्यांचे जुने येणे-जाणे आहे. त्यांनी वैशाखातच शब्द दिला होता. बाकी सगळ्यांना फंड काही कळवणार नाही. कधीच कळवत नाही, अशी तिथली पद्धत आहे म्हणे. तेव्हा तू निरोपाची वाट पाहू नयेस, आणि पंचमीच्या आत घरात काय ठरवायचे ते ठरवावे, असे मला तुझ्या काळजीपोटी वाटते.

शिवलीलेसाठी एक पातळ घेऊन ठेवले आहे. कार्याला उपयोगी पडेल.

तुझी,
सौ. लता


शिरूर अनंतपाळ
ता. २९ जुलै १९८६

लती,

पातळ तूच नेस. कार्य झालं, पण वेगळंच झालं. सगळं सांगते, कारण तुझ्या पत्राबिगर हे झालं नसतं.

आम्ही लातूरहून परत आलो त्या एस.टी.त आमच्या गल्लीतला शंकरप्पा होता. त्यानं गावात उठवलं, "गुंडप्पा शेठनं भीमाशंकरची पोरगी बघितली." शिवलीलाच्या अप्पांना काय आनंद! खतवाला इसरले. "एवढा मोठा अडत्या! पोरगा काय शिकलाय?" शंकरप्पा म्हनला, "त्याला पोरगा कुठाय? तीन पोरी, तिन्ही दिल्या. बायको जाऊन दोन वर्षं झाली."

अप्पांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. घरी येऊन माझ्यावर ओरडले, "त्या साठीच्या घोड्याला पोरगी दाखवून आलीस?" मी म्हनलं, अहो, शिष्यवृत्तीसाठी बघत होते. तर म्हनले, "शिष्यवृत्तीला पोरगी चालवून बघतेत व्हय? कुणाला शिकवतीस?"

त्याच दिवशी तुझं पत्र आलं. वाचलं. फंड कधी कळवत न्हाई, ही पद्धत. बरं. मग माझ्या ध्यानात आलं, फंडाची पद्धत काय बी असू दे, पोरगी बघितल्यावर निरोप द्यायची पद्धत तर आपली सगळ्यांची हाय. होकार असो का नकार, द्यावाच लागतो. पोहे खाऊन गप बसणाऱ्याला चार माणसांत बसता येत न्हाई. आणि माझ्या नवऱ्याचा जर शिष्यवृत्तीवर इश्वास बसत न्हाई, तर बाजाराचा कसा बसंल?

शिवलीलाला सांगितलं. तिनं तुझं पत्र घेऊन वाचलं. मग म्हनली, "अव्वा, माझं नाव बाजारात घेऊ नको. नुसतं पोरगी म्हन." एवढं ऐकलं तिचं.

काल सोमवार, लिलावाचा दिवस. यार्डात माल न्हाईच. ज्वारीची चार पोती, आणि भोवती बाजारभर माणूस. सगळे रिकामे. मी गुंडप्पांच्या पायरीवर बसले.

मुनीम म्हनला, "काय पायजे बाई?"

"निरोप."

"कसला?"

"तुझ्या मालकानं पोरगी बघितली. पोहे खाल्ले. कळवतो म्हनले. पंधरवडा उलटला. हो म्हना न्हाई तर न्हाई म्हना, पण पोरीच्या जातीला असं टांगून ठेवू नये."

मी ओरडले न्हाई, लती. माझा आवाजच तसा हाय. एक हमाल पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. पलीकडून कुणी तरी म्हनलं, "मालक, आम्हाला नुसतं कळवायचं तरी! आहेर आणला असता."

गुंडप्पा अनवाणी पळत आले. "अक्का, हळू बोला. ती मुलाखत होती."

"मुलाखतीत पोरीला चालवून बघतेत?"

"तो अमृतरावांचा प्रश्न होता."

"म्हंजे अमृतरावांसाठी बघितली? त्यांची बायको तर जिती हाय."

सगळा यार्ड हसला. हमालानं पोतं खाली टाकलं आणि त्याच्यावरच बसला. गुंडप्पांचं तोंड मिरचीवानी झालं. "शिष्यवृत्तीसाठी बघितली हो! शिष्यवृत्तीसाठी!"

"मग मी दुसरं काय इचारते? दिली का न्हाई तेवढं सांगा."

"समिती बसेल, मग..."

"परत बघायला बसणार?"

"अहो दिली! दिली, दिली!"

तिथं लिलाव चालू. आणि यार्डाचा नेम असा की लिलावाच्या वखताला अडत्याच्या तोंडून निघालं ते निघालं. मागं घेतलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गाडी थांबत न्हाई. शेजारचा म्हातारा अडत्या शिवप्पा लगेच हात वर करून ओरडला, "गुंडप्पांनी दिली! तीनदा झालं! पुढं चला!" आणि खरंच ज्वारीकडं वळले सगळे.

गुंडप्पा पायरीवर माझ्या बाजूला बसले. म्हनले, "अक्का, मी अमृतरावाला काय सांगू?" मी म्हनलं, त्यांना म्हनावं, बाबा मजेत हायेत.

आता कागद येतो का बघायचं. पंचमीला बारा दिवस. तुझ्या बहिणीला सांग, मी तिच्या पोराचं वाईट चिंतत न्हाई. पण चांगलं चिंतायला त्याला अमृतराव हाय.

महानंदा


नवजिल्हा विद्यार्थी फंड, लातूर
ता. ४ ऑगस्ट १९८६

सौ. महानंदाबाई यांस,

आपण बाजार आवारात उपस्थित केलेला विषय मा. अध्यक्षांनी आवारातच निकाली काढल्यामुळे समितीपुढे विचारासाठी काही शिल्लक राहिले नाही. त्यानुसार आपली कन्या कु. शिवलीला हिची संगणक विषयाच्या शिष्यवृत्तीसाठी गुणवत्तेवर निवड झाल्याचे कळविण्यात आनंद होतो.

पदवीनंतर विद्यार्थिनीने आपले ज्ञान जिल्ह्याच्या सेवेत आणावे. जिल्ह्यात संगणक केव्हा येईल हे तूर्त सांगता येत नाही. तोवर तिने धीर धरावा.

समितीने असाही ठराव एकमताने केला आहे की, यापुढे मुलाखतीच्या वेळी कोणासही पोहे देण्यात येणार नाहीत.

आपला,
अमृतराव, वकील
सेक्रेटरी


वजिराबाद, नांदेड
ता. ९ ऑगस्ट १९८६

महानंदा,

या खेपेला गोल लिहीत नाही. तू बाजारात बसलीस ते वाचून आधी मला तुझी लाज वाटली. मग ह्यांना वाचून दाखवले तर हे इतके हसले की सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनाही वाचून दाखवावे लागले. त्यांनी "परत वाच" म्हटले. तेव्हा मला माझी लाज वाटली.

बहीण माझ्याशी बोलत नाही. रेणुकादास पुण्याला चालला आहे. मेहुण्यांनी तिथली व्यवस्था आधीच करून ठेवली होती. शिष्यवृत्ती मिळाली असती तर तो इथेच राहून स्कूटर घेणार होता, हे मला काल कळले. तुझी शपथ, आधी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर वेगळे वागले असते का, ते मात्र सांगता येत नाही.

शिवलीलेला आमच्याकडे ठेव. पाणी चार दिवसांआडच येते, पण येते. सासूबाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "मुलीला काही म्हणणार नाही, पण तिच्या आईला एकदा घेऊन ये."

लता


शिरूर अनंतपाळ
ता. २६ ऑगस्ट १९८६

लती,

शिवलीला वसतिगृहातच राहील. जागा मिळाली, पेटी टाकली, आता मी उचलत न्हाई. माझा राग गेला का म्हणून इचारू नको. हाय अजून, थोडा. पण रविवारी पोरगी तुझ्याकडं जेवायला येईल. चांगलं वाढ. ती मागत न्हाई, बघून वाढावं लागतं.

तिचं पत्र आलं. वर्गात चाळीस जण, पोरी दोघी. कॉम्प्युटरवर कापड झाकून ठेवतेत म्हनं, आणि सर कापड काढायच्या आधी हात धुऊन येतेत. आपल्या देवालाबी एवढं न्हाई. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना दारातूनच दाखवलं. हिनं इचारलं, आत कवा यायचं? सर म्हनले, आधी थिअरी. ही रोज तासाच्या आधी जाऊन दारात उभी राहती. चौथ्या दिवशी सर कटाळून म्हनले, ये बाई आत. मला वाचून बरं वाटलं.

शिवलीलाचे अप्पा पंचमीला दुकानात बसून म्हनत होते, "एवढा चांगला दुष्काळ वाया गेला." खतवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन नकार सांगितला. परत आले ते गावभर सांगत सुटले, माझ्या पोरीला लातूरच्या फंडानं घरी येऊन शिष्यवृत्ती दिली. म्हनू दे. बोलून काय करायचं? बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला सांगताना छाती काढतेत, तेवढं पुरे.

खरं तर मी आज गडबडीत हाय. लोहाऱ्याची केवळाबाई काल आली, पोरीला घेऊन. मला आधी कवा बघितलं न्हाई, पण पायरीवर बसणारी बाई हीच का म्हणून इचारत आली. तिची पोरगी फार्मसीला लागलीय. उदगीरच्या कुठल्या मंडळानं फीच्या मदतीसाठी मुलाखत घेतली आणि कळवतो म्हनून गप बसलेत. पोहे दिले न्हवते. मी इचारलं, मग काय दिलं? म्हनली, चहा. मी म्हनलं, चहाबी चालतो.

केवळाबाईला भ्या वाटतंय. म्हनते, लातूरच्या फंडात तिघं होते, उदगीरच्या मंडळात सात जण बसतेत, आपण दोघी बाया काय करणार? तिला म्हनलं, बसू दे सात. उदगीरचा बाजार लई मोठा हाय.

गाडी आली. उरलेलं भेटल्यावर.

महानंदा